फायरमन भाऊंची नानकटाई

"पाहा वं पोरींनो, झाले का साफ?"

दोन्ही हात कोपरापर्यंत पुढे धरून भाऊ उकिडवे बसायचे आणि त्यांच्या दोन मुली एकेक नख तपासायच्या. राख लावून झालेली असायची, साबण झालेला असायचा, तरी धाकटी मान हलवायची. "नाई. अंगठा काळाच हाय." की भाऊ मुकाट्याने पुन्हा नळाकडे. इंजिनात कोळसा टाकणाऱ्याचे हात ते. पोरींनी पास केल्याशिवाय पिठाच्या परातीला हात लावायचा नाही, हा त्या घरचा कायदा होता.

वर्धा स्टेशनामागच्या रेल्वे क्वार्टरांत आम्ही शेजारी होतो. पन्नास सालानंतरची ती वर्षं. माझे यजमान बुकिंग ऑफिसात, मी नुकतीच लग्न होऊन आलेली. भाऊंचं खरं नाव वेगळं होतं, पण सगळी लाइन त्यांना भाऊच म्हणायची. असा एखादा माणूस तुमच्याही आळीत असेल, आठवून पाहा.

मी आले तेव्हा त्या घरात गोडाधोडाचं काही होत नव्हतं. मुलींच्या पाठचा मुलगा गोवराने गेला होता आणि भाऊंच्या बायकोची, आमच्या वहिनींची, अन्नावरची वासनाच उडाली होती. मुलींपुरत्या भाकरी थापायच्या आणि भिंतीला पाठ लावून बसायच्या. कुणी समजावलं तर ऐकून घ्यायच्या, बोलायच्या मात्र नाहीत. अंगावरचं लुगडं दिवसेंदिवस सैल होत चाललं होतं.

एका रविवारी भाऊ मैदा, वनस्पती तूप आणि पुडीत वेलची घेऊन आले. नागपूरला एका गार्डाच्या घरी त्यांनी नानकटाई खाल्ली होती. त्या घरच्या बाईंनी ती सिगडीवरच केली होती, म्हणे. मला म्हणाले, "ताई, तुमचं मोठं पातेलं द्या जरा. आज मी भट्टी लावून राह्यलो."

अंगणात सिगडी पेटली. पातेल्यात वाळू, वाळूवर थाळी, थाळीत पोरींनी वळलेले गोळे, काही लिंबाएवढे, काही बोराएवढे. वर झाकण आणि झाकणावर थोडे निखारे. भाऊंनी इंजिनाला घालावा तसा खाली जाळ घातला. थोड्याच वेळात धूर निघाला. झाकण काढलं तर गोळे खालून कोळसा आणि वरून कच्चे.

धाकटी रडायला लागली. भाऊ एक काळा गोळा हातात घेऊन नुसते बघत राहिले. नानकटाई बिघडली म्हणून कुणी असं बघत नाही. इतका हरलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "खाली एवढा जाळ काऊन घातला? हे काय इंजिन हाय?"

वहिनी चौकट धरून उभ्या होत्या. भाऊ हललेही नाहीत. "मले काय समजते त्यातलं," एवढंच पुटपुटले.

"दिसूनच राह्यलं. सरका तिकडं."

त्यांनी भाऊंच्या हातातला चिमटा घेतला, खालचे निखारे काढून झाकणावर ठेवले आणि थोरलीला म्हणाल्या, "माय, गोळे सारखे कर. लहान जळते, मोठं कच्चं राह्यते."

दुसरी थाळी बदामी रंगावर उतरली. भाऊंनी एक नानकटाई फुंकून त्यांच्यापुढे धरली. त्या नको म्हणाल्या. मग थोरलीने धरली, मग धाकटीने. शेवटी त्यांनी अर्धी मोडून तोंडात घातली आणि खाता खाता रडायला लागल्या. पण खाल्ली. उरलेली अर्धीही खाल्ली.

तेव्हापासून भाऊंचा सुटीचा दिवस म्हणजे नानकटाईचा दिवस. भाऊ मळायचे, मुली वळायच्या, विस्तव वहिनींचा. भाऊंनी चिमट्याकडे हात नेला की त्या खेकसायच्या, "तुम्ही तुमचं इंजिन पाहा!" आणि बोलणी खाऊन भाऊ असे खूश व्हायचे, की बक्षीस मिळालेला माणूस तरी काय होईल! वास आला की मीही काहीतरी निमित्त काढून अंगणात हजर. "बसा ताई," भाऊ म्हणायचे, "बिघडली तर तुमची, जमली तर आमची."

पुढे त्यांची बल्लारशाला बदली झाली. मुलींची लग्नंही तिकडेच झाली. आणि एक दिवस भाऊ गेल्याची बातमी आली. छातीत कळ आली, दवाखाना गाठेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

नंतर हिंगणीला भावाकडे जाताना वहिनी एक मुक्काम माझ्याकडे राहिल्या. मी धास्तावले होते. पुन्हा भिंतीशी बसतील, जेवणार नाहीत, मी काय करू? सकाळी स्वयंपाकघरात गेले तर सिगडी पेटलेली, वहिनींनी पदर खोचलेला.

"मैदा कुठं ठेवते वं तू?"

मी डबा काढून दिला. तिथेच पाटावर बसले.

"काऊन बसली तशी? तुझे लेकरं उठतीन आता. साखर कुटून दे."

मी खलबत्ता पुढे ओढला. वहिनी परातीत तळहाताने तूप फेसत होत्या, गोल गोल. हात तुपाचे होते, म्हणून डोळे तसेच वाहू देत होत्या.