अनुदान, मसाला आणि माझी अकरा पानं

अंधेरीला राहायला आल्यावर दोन वर्षांतच मी आमच्या कॉलनीच्या महिला मंडळाची चिटणीस झाले. निवडून वगैरे नाही. मराठी घेऊन बी.ए. झालेली मी एकटीच होते, आणि माझं अक्षर चांगलं होतं. सत्तर साल नुकतंच उलटलं होतं. एके दिवशी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची सूचना दिसली: छोटा उद्योग सुरू करणाऱ्या गरजू बायकांना सरकारी अनुदान मिळेल. कर्ज नव्हे, परत न करायचं अनुदान! मला एकदम स्फुरण चढलं. आता फक्त एक गरजू बाई शोधायची राहिली होती.

मंडळात तशी कोणी निघेना. एकीला शिवणाचा क्लास काढायचा होता, पण तिच्या यजमानांची फियाट होती. शेवटी मला मावशी आठवली. मावशी म्हणजे वेसाव्याहून आमच्या दारावर मासे घेऊन येणारी कोळीण. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. दर उन्हाळ्यात ती घरी मसाला करायची आणि आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका तो घ्यायच्या. अडचण एकच होती. मिरच्या भाजायला घेतल्या की अख्ख्या आळीला ठसका लागायचा आणि शेजारणी भांडायला यायच्या. घरांपासून लांब, समुद्राच्या बाजूला एक पत्र्याची शेड मिळाली असती, तर तिचं काम झालं असतं.

एवढंच लिहायचं होतं. मी अकरा पानं लिहिली. सुरुवात वेदकाळातल्या स्त्रीपासून केली. मसाला नवव्या पानावर आला.

अर्ज दिल्यावर महिन्याभराने मुलाखतीचं बोलावणं आलं. मी मावशीची तयारी करून घ्यायला बसले.

"मावशी, त्यांनी विचारलं की सांग, मला स्वावलंबी व्हायचं आहे."

"म्हंजे काय गो?"

"म्हणजे स्वतःच्या पायावर उभं राहायचं आहे."

"मग आता मी काय बसलेली हाय?" मावशी म्हणाली आणि पाटी डोक्यावर घेऊन चालू लागली. सकाळपासून ती सहा बिल्डिंगा चढून आली होती.

मुलाखतीच्या दिवशी मी कलाबतूच्या काठाची साडी नेसले. मावशी नेहमीसारखीच आली, फक्त डोक्यात अबोलीचा गजरा जास्त होता. टेबलामागे चष्मा लावलेल्या एक वयस्क अधिकारी बाई होत्या. त्यांनी मावशीला विचारलं, "मसाला किती वर्षं करताय?"

"स्त्रीच्या अंगी हे कौशल्य उपजतच असतं..." मी सुरू केलं.

"जागा कुठे बघितली आहे?"

"जागेचा प्रश्न हा मुळात सामाजिक प्रश्न आहे..."

अधिकारी बाईंनी चष्मा काढला. "तुम्ही कोण?"

"मी यांची मार्गदर्शक."

"मग तुम्ही जरा बाहेर बसा."

बाहेर बाकावर एक शिपाई चहा पीत होता. त्याने सरकून मला जागा दिली आणि आपुलकीने विचारलं, "तुमचं नाही झालं काय काम?" मी साडीचे काठ सावरत त्याच्या शेजारी बसले. आतून आधी मावशीचा आवाज आला, मग एक जोरदार शिंक आणि मग दोघींचं हसणं. मला बी.ए.च्या तोंडी परीक्षेतसुद्धा इतका घाम फुटला नव्हता.

अर्ध्या तासाने मावशी बाहेर आली. तिने कमरेला खोचून आणलेली मसाल्याची पुडी आत बाईंच्या टेबलावर उघडली होती.

"काय सांगितलंस?"

"काय सांगायचं? म्हटलं, वास घेऊन बघा. त्या शिंकल्या. म्हटलं, याच्याच पायी शेजारणी भांडतात, मना लांब शेड पायजे. त्या म्हणाल्या, बरोबर हाय."

"आणि माझा अर्ज?"

"त्याच्यावर पुडी ठेवली होती ना. टेबलाला डाग नको म्हणून."

अनुदान मंजूर झालं. पावसाळ्यानंतर शेड उभी राहिली. पुढच्या उन्हाळ्यात मावशीबरोबर आळीतल्या चार बायका मसाला कुटायला लागल्या, आणि त्यातल्या दोघी पूर्वी भांडायला येणाऱ्याच होत्या. मी पाकिटांसाठी 'सात्त्विक मसाला' असं नाव सुचवलं. मावशीने विचारलं, "सात्त्विक म्हंजे बोंबील चालतो काय?" मग ते नावही मागे पडलं.

मंडळाच्या वार्षिक सभेत अहवाल वाचला गेला. त्यात म्हटलं होतं, 'चिटणीसबाईंच्या अथक परिश्रमांमुळे आणि अभ्यासपूर्ण अर्जामुळे एका गरजू भगिनीला शासकीय अनुदान प्राप्त झाले.' अहवाल लिहिणं हे चिटणिसाचंच काम असतं. मावशीला आम्ही पाहुणी म्हणून बोलावलं होतं. ते वाक्य आलं तेव्हा सगळ्यांत जोरात टाळ्या तिने वाजवल्या, आणि माझी मान वर होईना.