हजूरासिंगांची थंड भट्टी

देवळाली प्रवऱ्यात माझी पिठाची गिरणी आहे आणि रस्त्यापलीकडे हजूरासिंग टाक यांची लोहारकामाची भट्टी. ऊसतोडीचे कोयते, विळे, खुरपी, कुऱ्हाडी असं त्यांचं काम. त्यांचे वडील इथे येऊन राहिले तेव्हापासून आमच्याकडे कोयता घ्यायचा तो सरदारांचाच. सगळे त्यांना सरदार म्हणतात, मीही तेच म्हणते. माणूस कामाला चोख आणि जिभेला तिखट. मी फार गोड आहे असं नाही. गिरणीत रांग मोडणाऱ्या कुणालाही विचारा.

सरदारांचा एक नियम होता. पहाटे अंघोळ करून जपजी साहिब, जाप साहिब आणि सवैये हे शिखांचे पाठ म्हणायचे, मग हात जोडून अरदास, म्हणजे प्रार्थना, आणि त्यानंतरच भट्टी पेटवायची. दिवेलागणीला रहिरासचा पाठ आणि निजताना सोहिलाचा. लिहितावाचता येत नव्हतं, पण वडिलांच्या तोंडून ऐकून सगळं पाठ. पोथी समोर धरून म्हणणाऱ्यांना ते हसायचे. शिवाय म्हणताना मन भरकटलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हैस हंबरली, लक्ष गेलं, पहिल्यापासून. आप्पासाहेबांसारखा मोठा बागायतदार ओट्यावर ताटकळत बसला, त्याचा विचार मनात आला, झालं, पहिल्यापासून.

मी एकदा विचारलं होतं, "सरदार, रोज तेच ते ऐकून देवाला कटाळा येत नसंल का?"

"देवाला कशाची गरज वैनी? गरज आपल्याला हाय. कोयता रोज पुसला, परजला तर धार ऱ्हाती. टांगून ठिवला का गंजला. मानूस बी तसाच. दिवसभर रागावतो, हावरेपना करतो, खोटं बोलतो. सकाळी त्याचं नाव घेतलं का गंज झडतो."

मला ते पटलं. पण रागाचा गंज काही झडलेला दिसत नाही, एवढं मी तोंडावर बोलले. मग काय, बरेच दिवस सरदार माझ्याशी बोलले नाहीत.

त्या रागाचा मोठा हिस्सा त्यांच्या बायकोच्या, जीतकौरच्या वाट्याला यायचा. भट्टीवर घण तीच मारायची. पण सरदार पाठाला बसले की ही झाडू हातात घ्यायची नाहीतर पीठ मळायला लागायची. कधी म्हणून शेजारी बसली नाही. पाठ संपला की सरदार गिऱ्हाइकांसमोर म्हणायचे, "मन कुटं हाय तुजं? भाकरीत?" ती घण उचलून कामाला लागायची. आणि संध्याकाळी ते रहिरासला बसले की ही दळणाचा डबा घेऊन माझ्याकडे यायची. डब्यात कधीकधी चार मुठीसुद्धा धान्य नसायचं. गिरणी घरघरत असायची आणि ही कोपऱ्यातल्या बाकड्यावर पदर घेऊन बसायची, ओठ सारखे हलत असायचे. मला वाटायचं नवऱ्याला शिव्या घालतेय. म्हटलं घालू दे, बाईला मोकळं व्हायला कुठंतरी जागा हवीच की.

गेल्या भादव्यात सरदारांना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय सुधारले, बोलणंही सुधारलं. पण पहाटे जपजी म्हणायला बसले आणि मध्येच अडकले. पुढचे शब्दच येईनात. त्यांनी सवयीने पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा त्याच जागी गाडी अडली. उन्हं डोक्यावर आली तरी तेच. पाठ पुरा झाला नाही म्हणून भट्टी पेटली नाही. दुसऱ्या दिवशीही तेच, आणि मग रोजच.

मुलगा करण नगरला सावेडीत राहतो, तो आला. त्याने मोबाईलवर पाठ लावून दिला. सरदार म्हणाले, "ह्यो मोबाईलचा पाठ झाला. माजा कुटं झाला?" नगरच्या गुरुद्वाऱ्यातल्या भाईजींनी फोनवर समजावलं की आठवतं तेवढंच मनापासून म्हणा, तेही पोचतं. त्यांनाही यांचं उत्तर तयार, "अर्ध्या कोयत्यानं ऊस तुटतो का?"

कारखान्याचं बॉयलर पेटायला आलं होतं, तोडणीच्या टोळ्या यायला लागल्या होत्या. लोक भट्टीत डोकावून बाजारचे कोयते घ्यायला जात होते. त्याचं सरदारांना काही वाटत नव्हतं. एके सकाळी मी गिरणीचं शटर वर केलं तर सरदार थंड भट्टीसमोर बसून रडत होते. "बापानं दिलेलं हरवलं वैनी," एवढंच म्हणाले. मलाही रडू आलं.

त्याच आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी जीतकौर दळण घेऊन आली. गिरणी जोरात चालू होती आणि अचानक लाईट गेली. पट्टा फिरत फिरत थांबला, आणि त्या शांततेत जीतकौरचा आवाज आला, चांगला मोकळ्या गळ्याने म्हटलेला. ती दचकून गप्प झाली. पण मी चाल ओळखली होती. लाईट नसली की हीच चाल रस्त्यापलीकडून सरदारांच्या तोंडून ऐकू यायची.

"जीतोबाई, ही रहिरास ना?"

"व्हय."

"आन सकाळचं बी येतं?"

"समदंच येतं. झाडताना म्हनते, मळताना म्हनते, मनातल्या मनात. हितं तुमच्या गिरनीत तेवडं तोंड उघडून म्हनता येतं. कुनाला ऐकू जात न्हाई."

"घरी का न्हाई म्हनत?"

"नवी नवरी हुते तवा बसले हुते म्हनायला. ह्यांनी शब्दाशब्दाला टोकलं. समदी भावकी हासली. तवापासून तोंड मिटलं."

माझं डोकंच फिरलं. "आवो, तिकडं सरदार मधीच आडकून रडत्यात, आन तुमी हितं गप?"

"त्यांनी इचारलं न्हाई," ती म्हणाली. "म्या आपनहून सांगितलं तर ते टोकल्यावानी हुईल. टोकल्यावर कसं वाटतं ते मला म्हाईत हाय."

मला असला समजूतदारपणा जमत नाही. मी तशीच रस्ता ओलांडून गेले. "सरदार, तुमचं काय हरवलं न्हाई. समदं घरात हाय. जीतोबाईला इचारा."

ती माझ्यामागे डबा घेऊन उभी होती. सरदारांनी तिच्याकडे पाहिलं. "हिला?" म्हणाले, आणि मान फिरवली. मी परत आले. आपण उगाच नाक खुपसलं असं वाटत राहिलं.

सकाळी मी लवकरच गिरणीवर गेले. सरदार पाठाला बसले होते, जीतकौर अंगण झाडत होती. सरदार नेहमीच्या जागी येऊन अडकले. मी किल्ली हातात धरून उभी. आता पुन्हा पहिल्यापासून सुरू करणार, असं मला वाटलं.

"जीतो," खाली बघतच ते म्हणाले, "फुडं काय हाय?"

तिने झाडू ठेवला, हात धुतले, डोक्यावर पदर घेतला आणि त्यांच्या शेजारी येऊन बसली. पुढची ओळ तिने मोठ्याने म्हटली. तिचे उच्चार त्यांच्यापेक्षा जरा वेगळे होते. सरदारांनी टोकलं नाही. तिच्यामागून तशीच म्हटली. असं करत करत दोघं पुढे गेली. तेवढ्यात आप्पासाहेबांचा ट्रॅक्टर ओट्याशी येऊन थांबला, सरदारांची नजर तिकडे वळली आणि ओळ चुकली.

"मन कुटं हाय तुमचं?" जीतकौर म्हणाली.

आता भडका उडणार, मी मनात म्हटलं.

"ट्रॅक्टरात," ते म्हणाले. "चल, धर पैल्यापासनं."

भट्टी पेटायला त्या दिवशी बराच उशीर झाला, पण पेटली. आप्पासाहेब तोवर बसून होते. संध्याकाळी जीतकौर दळण घेऊन आली नाही. दिवेलागण झाली तशी मीच गिरणी थोडा वेळ बंद केली. रांगेतल्या बायका कुरकुरल्या. मी म्हटलं, थांबा जरा, समोरचं ऐकू दे. रस्त्यापलीकडे दोघं रहिरास म्हणत होती, आणि तिचा आवाज त्यांच्यापेक्षा मोठा होता.