मामांनी घेतलेला फ्रीज

माझ्या सासऱ्यांनी ज्यूकबॉक्स विकत घेतला तेव्हा त्यांना तो फ्रीज वाटला होता.

हे त्यांनी शेवटपर्यंत कबूल केलं नाही. सासरे, म्हणजे आमचे मामा, रेल्वेत गार्ड होते. निवृत्त होऊन नांदेडला राहायचे. निवृत्त फक्त नोकरी झाली होती, गार्ड नाही. शिट्टी गळ्यातच असायची. पंगत बसली की ते आधी डावीकडं वाकून बघत, मग उजवीकडं, आणि सगळे डबे जोडले गेल्याची खात्री झाल्यावर पहिला घास घेत. सिकंदराबादेला एका जुन्या क्लबातल्या सामानाचा लिलाव निघाला, तिथं ताडपत्रीखाली माणसाएवढं काहीतरी उभं होतं. खालून प्लगची वायर लोंबत होती. उन्हाळा तोंडावर होता. मामांनी बोली लावली. ताडपत्री निघाली आणि आतून लाकडी कमानीची, रंगीत काचांची, पितळी जाळीची एक पेटी निघाली. एखाद्या संस्थानिकाचा पलंग कुणीतरी उभा करून ठेवावा, तशी.

"मला हेच पायजे होतं," मामा म्हणाले. (त्यांना कुणीही विचारलं नव्हतं.)

ज्यूकबॉक्स म्हणजे हॉटेलातली गाण्याची पेटी. नाणं टाकायचं, बटण दाबायचं, की पोटातला पोलादी हात तबकड्यांच्या चळतीतून आपली तबकडी उचलतो, फिरत्या चकतीवर ठेवतो आणि गाणं लागतं. हा झाला कंपनीचा इरादा. आमच्या पेटीत नाणं टाकलं की ते खालून बाहेर यायचं आणि सोबत एक झुरळ यायचं.

"लातूरला पाठवा," मामांनी फर्मान काढलं. "जावई इंजिनेर हाय."

मी इंजिनिअर नव्हतो. एका सरकारी कचेरीत लिपिक होतो. पण लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेलो तेव्हा त्यांचा रेडिओ बंद होता, आणि मी निसटलेला प्लग आत ढकलला होता. सासुरवाडीत कीर्ती एवढ्या स्वस्तात मिळत असेल तर ती परत करणारा जावई अजून जन्माला यायचाय.

लातूरचा जिल्हा होऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते. पाट्यांवरचा रंग ओला होता. साहेब आले होते, खुर्च्या यायच्या होत्या. खुर्च्या आल्या तोवर साहेबांची बदली झाली. उद्घाटनं मात्र वेळेवर होत. फक्त पाऊस नव्या जिल्ह्यात रुजू व्हायला तयार नव्हता. विहिरी आटल्या, बोअर आटले, आणि आमची गल्ली टँकरवर आली. टँकरवाला गल्लीच्या तोंडाशी येऊन शिट्टी मारायचा, की बाया घागरी घेऊन धावायच्या. न येण्याच्या बाबतीत तो अतिशय नियमित होता.

अशा दिवसांत एका नव्या सरकारी इमारतीसमोर कारंजं बांधलं गेलं. माझं डोकं फिरलं. जयंतीच्या कार्यक्रमात विहारासमोर मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं, मी दोनशे बोललो. पाण्यासाठी आपल्या माणसांनी काय काय सोसलं, ते सांगितलं. शेवटी आवाज चढवून म्हणालो, "तहानलेल्याला पाणी दाखवू नका, पाजा. जे पाणी पिता येत नाही ते पाणी नव्हे, तो तोरा आहे." टाळ्या पडल्या. कुणीतरी पाण्याचा गिलास पुढं केला. मी अर्धा प्यालो आणि अर्धा सगळ्यांना दिसेल असा परत ठेवला. (हा अभिनय होता, पण चांगला वठला.)

कार्यक्रम संपल्यावर पांढऱ्या कपड्यांतले एक गृहस्थ वाट काढत माझ्याकडं आले. मुखेडला शाळेत शिक्षक होते, सगळे त्यांना गुरुजी म्हणत.

"जय भीम साहेब. तुमच्या घरात लगनाची पोरगी हाय का?"

मी दचकलो.

"न्हाई, म्हंजे माझा पोरगा भोकरला बँकेत हाय. अशा विचाराच्या घरातली सून पायजे मला."

घरात पोरगी होती. माझी मेहुणी मित्रा आमच्याकडं राहून डी.एड. करत होती. तिचं याआधी दोन ठिकाणी जमता जमता मोडलं होतं, आणि दोन्ही वेळा मामांमुळं. एकदा त्यांनी पाहुण्यांना गाडीचा ब्रेक कसा लागतो ते ओट्यावरून उडी मारून दाखवलं होतं. दुसऱ्या वेळी मुलाच्या वडिलांना तिकीट विचारलं होतं. गंमत म्हणून.

भोकरचा मुलगा मित्रानं त्याच कार्यक्रमात पाहिला होता. ती मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाली, "दाजी, मला हे पोरगं पसंत हाय. एवढ्या वेळी घरात तमाशा नको. बाबांना तुमी आवरा."

"मी आहे ना," मी म्हणालो. मला आवरायला कुणी नेमलेलं नव्हतं, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

कारण तोवर मी पेटीच्या पोटात गेलो होतो. वाचनालयात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडलं होतं आणि छापलेलं सगळं करता येतं अशी माझी श्रद्धा होती. मी रॉकेलनं तिची हाडं धुतली. शिलाई मशीनचं तेल पाजलं. झिजलेल्या रबरी चाकाला सायकलची ट्यूब कापून चढवली. जुन्या रेडिओंचे व्हॉल्व्ह, म्हणजे दिव्यासारखे तापणारे काचेचे बल्ब, नांदेडहून मागवून बसवले. आणि एका रविवारी ती चक्क वाजली. बटण कोणतंही दाबा, पोलादी हात एकच तबकडी उचलायचा. गाणारी बाई विलायतेची होती, पण चकती हळू फिरत असल्यामुळं आवाज आमच्या मोठ्या साहेबांचा यायचा.

इथं थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण पुस्तकात एक रंगीत चित्र होतं. त्यात पेटीच्या कमानीत काचेच्या नळ्या होत्या आणि नळ्यांत रंगीत द्रव बुडबुडत वर चढत होता. आमच्या पेटीतल्या नळ्या फुटलेल्या होत्या. पुस्तक म्हणत होतं, जुनी वस्तू दुरुस्त करायची तर मूळ रूपात आणा, नाहीतर हात लावू नका. मला ते पटलं. मी गवंड्यांची लेव्हल बघायची पारदर्शक नळी आणून कमानीत फिरवली, खाली तेलाचा रिकामा डबा ठेवला आणि आमच्या कूलरचा पंप काढून त्यात सोडला. कूलर तसाही पाण्याविना कोरडा उभा होता.

गुरुजी मुलगी बघायला यायच्या आदल्या दिवशी मामा नांदेडहून आले. "रंग कोणता देनार?"

"हिरवा बरा दिसेल."

"हिरवा नको. हिरवा म्हंजे गाडी सुटती. निळा पायजे."

निळ्याबद्दल आमच्या घरात चर्चा होत नसते. मी डबाभर पाण्यात कपड्यांची नीळ ढवळली.

माझी बायको सुमन दारात उभी राहून हे बघत होती. "अहो, हे कोणतं पाणी?"

"आपलंच. उद्या टँकर येतोय."

"अन् न्हाई आला तर?"

"सुमन, आता जिल्हा झालाय. वेळापत्रक असतं."

दुसऱ्या दिवशी मंत्री आले आणि टँकर आला नाही. तो त्या कारंज्यात पाणी भरायला गेला होता. मी संतापणारच होतो, पण मागं माझ्याच बैठकीत पंप गुरगुरत होता, म्हणून आवाज लावता आला नाही. घरात एक कळशी उरली होती.

"पेटीतलं काढा," सुमन म्हणाली.

"नीळ टाकलीय."

त्यानंतरच्या तिच्या नजरेचं वर्णन मी टाळतो.

मी मामांना म्हणालो, पेटी बंद करून चादर टाकू आणि आज राहू देऊ. मामांनी हनुवटी खाजवली. "बरं. मी फकस्त बसून राहतो."

पाहुणे आले. गुरुजी, त्यांची थोरली बहीण आणि मुलगा. विहारातून वंदना करून थेट आलेले, तिघंही पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. गुरुजी बहिणीला आक्का म्हणत. आमच्या त्या आत्याबाई झाल्या. अंगानं काटकुळ्या, नजर बाभळीच्या काट्याची. घरात शेवटचा शब्द त्यांचा, हे गुरुजींच्या बसण्यावरूनच कळत होतं.

सुमननं पाणी आणलं. अर्धा अर्धा गिलास. मी मान खाली घातली.

"बगा आक्का," गुरुजी गहिवरले. "अर्धा गिलास. भाषनात होतं तेच घरात."

"लई चांगलं," आत्याबाई म्हणाल्या. "मानूस असंच पायजे."

मी मान खालीच ठेवली, पण आता विनयानं. सगळं जमत आलं होतं. पडद्याआड मित्राच्या बांगड्या वाजल्या, ती पोह्यांचा ट्रे घेऊन येतच होती. आणि लेक बाहेर येतेय हे बघून मामांमधला गार्ड उभा राहिला. त्यांनी शिट्टी तोंडात घातली, खच्चून फुंकली, चादर ओढली आणि बटण दाबलं.

विलायती बाई मोठ्या साहेबांच्या आवाजात रडू लागली. दिवे लागले. कमानीतून निळंशार पाणी गोल गोल चढू लागलं. मी केलेलं काम इतकं सुंदर दिसत होतं की क्षणभर मीही बघत राहिलो.

"हे काय वं?" आत्याबाईंनी विचारलं.

"कारंजं," मामा म्हणाले. मराठीत दुसरे शब्द होते.

"ह्याच्यात पानी हाय?"

"डबाभर. जावयानं केलं."

आत्याबाईंनी हातातल्या गिलासाकडं पाहिलं, मग पेटीकडं, मग माझ्याकडं. "आमच्या ल्हानपनी आमी हिरीच्या कडंला वंजळ धरून बसायचो, जावईबापू. वरून कुनी वतलं तर प्यायचो. पानी दिसायचं मात्र लई."

हे त्या अगदी सहज बोलल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"जे पानी पिता येत न्हाई..." गुरुजी हळूच म्हणाले आणि थांबले. पुढचं वाक्य माझंच होतं, मला पाठ होतं.

तेवढ्यात बाहेर धावत्या पावलांचा आणि घागरींचा गलका झाला. मामांची शिट्टी गल्लीनं ऐकली होती, आणि आमच्या गल्लीत शिट्टीचा अर्थ एकच होता. बायांना टँकर कुठं दिसेना. शेजारच्या हौसाबाईंनी आमच्या दारातून आत डोकावलं.

"अगं बया! ह्यांनी टँकर घरात घेतलाय की!"

त्यांचं म्हणणं खोडून काढायला मी उठलो आणि त्याच क्षणी नळी सुटली. नळी तापलेल्या व्हॉल्व्हच्या शेजारून नेली होती. तापल्यावर प्लास्टिक मऊ पडतं, हे पुस्तकात होतं, पण पुढच्या प्रकरणात. निळी धार आधी छताला लागली, तिथून गुरुजींवर आली, आत्याबाईंवर आली, आणि मग सरकारी योजनेसारखी फक्त कोरड्या जागा वगळून सगळीकडं पोचली. मामा गाडी थांबवायला शिट्ट्या फुंकत होते, आणि प्रत्येक शिट्टीला दारात चार घागरी वाढत होत्या. "नंबरानं या, नंबरानं," कुणीतरी म्हणालं आणि आमच्या बैठकीत रांग लागली. मी पुस्तकात बघत होतो. खरंच बघत होतो.

सुमननं प्लग ओढला. (माझ्या इंजिनिअरिंगची सुरुवात प्लगनं झाली होती, शेवटही तिथंच झाला.) तरी चढलेलं पाणी नळीतून गळतच होतं. मित्रानं ट्रे खाली ठेवला, पदर खोचला, नळीचं तोंड दुमडून मुठीत धरलं आणि सुमननं पुढं केलेली परात पायानं खाली सरकवली. मग मामांनी ओढलेली चादर जमिनीवर पसरली, पाणी टिपलं आणि बादलीत पिळलं. पुन्हा टिपलं, पुन्हा पिळलं. बादली दुसऱ्याच कुणीतरी धरली होती. बघतो तो भोकरचा मुलगा गुडघ्यांवर बसलेला, शर्टाला निळे ठिपके, आणि चेहऱ्यावर आपलं काम सापडल्याचा आनंद.

"हे प्यायला न्हाई चालायचं," मित्रा रांगेतल्या बायांना म्हणाली. "धुन्याला चालंल. नीळ आतच हाय. हौसाकाकू, घागर पुढं घ्या."

आत्याबाईंनी आपल्या पांढऱ्या लुगड्यावरचा निळा डाग बोटानं चोळून पाहिला. "नाव काय म्हनले पोरीचं?"

"मित्रा," सुमन म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

"ही आमची," आत्याबाई म्हणाल्या. "पर लगनात ती शिट्टी नको. अन् हे भाषन करनार न्हाईत."

मामा कळवळले. मी लगेच कबूल झालो.

लग्न झालं आणि चांगलं झालं. पेटी आमच्याकडंच राहिली. सुमननं तिच्या पोटातलं सगळं काढून भंगारात दिलं, आत ओलं पोतं पसरलं आणि त्यात माठ ठेवला. लाकूड जाड, सावली गडद; पाणी असं गार होतं की दात शिवशिवतात. पुढच्या खेपेला मामा आले, काचेचं दार उघडून दोन तांबे प्याले आणि मिशा पुसत म्हणाले, "मी काहून घेतलं होतं, आता कळ्ळं का?"

पुढच्या जयंतीला मला पुन्हा बोलायला बोलावलं. "विषय कोनताबी घ्या," कार्यकर्ते म्हणाले, "पानी सोडून." मी उभा राहिलो. घसा कोरडा पडला. समोर काठोकाठ भरलेला गिलास होता. पहिल्या रांगेत आत्याबाई बसल्या होत्या, तेच लुगडं नेसून, आणि माझ्याकडं न बघता नुसत्या त्या गिलासाकडं बघत होत्या. मी भाषण तिथंच आवरतं घेऊन खाली बसलो.

माझं आजवरचं सगळ्यात चांगलं भाषण तेच, असं गल्लीत अजून म्हणतात.