तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधी

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते जिन्यात बसून. पावट्याच्या शेंगा सोलल्या.

तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधी जिना वळतो, तिथं एक चौकोनी जागा आहे. बारकी खिडकी आहे, वारं येतं. मंडईतनं वर येताना आम्ही प्रत्येक वळणावर बूड टेकायचो, पण तिथं जास्त वेळ. बायको रिकाम्या हातानं बसणारी नव्हती. पिशवीतनं भाजी काढायची आणि निवडायला घ्यायची. पाचवा मजला येईस्तोवर भाजी निवडून तयार.

"बघा," म्हणायची, "लिफ्टनं आलो असतो तर आता बसाय लागलं असतं की सोलत."

पाचव्या मजल्यावर लेकाचा फ्लॅट. इमारतीला लिफ्ट आहे. आरसा लावलेली, पंखा असलेली. पण ती आमच्यासाठी नव्हती. का नव्हती ते लाज सोडून सांगतो. लाज धरून काय पदरात पडलं ते बी सांगतो.

मी चौथी शिकलेला माणूस. उद्यमनगरात फौंड्रीत उभा जन्म गेला. भट्टीतला लोखंडाचा रस साच्यात ओतायचं माझं काम. थेंब सांडला तर पायाला भोक पडणार. मी सांडू दिला नाही. आणि म्हातारपणी माझंच पाणी मला धरता येईना.

प्रोस्टेटची गाठ वाढलती. सारख्या मोरीच्या वाऱ्या, आणि येतंय काय तर थेंब थेंब. डॉक्टर म्हणाले, "काका, लेझर आहे. टाका नाही, चिरफाड नाही." ते खोटं नव्हतं. टाका पडला नाही. लघवीची नळी आणि पिशवी घेऊन घरी आलो. बायकोनं त्या पिशवीला जुन्या साडीची खोळ शिवली. म्हणाली, "आता कुणाला कळतंय? अंबाबाईचा प्रसाद घेऊन चाललाय वाटंल."

नळी निघाली आणि गळायला लागलं. खोकलं की गळायचं. शिंकलं की गळायचं. उठलं की गळायचं. आणि लागली म्हणजे लागलीच. मोरी चार पावलांवर असली तरी वाटेतच. जळजळ अशी की निखारा खाली उतरतोय. डायपर घालून बघितले. मांड्या सोलवटून निघाल्या. मग नुसतं कापड.

डॉक्टर म्हणाले, "होतं असं काही जणांना. हळूहळू थांबेल, काही महिने जातील. लघवी रोखून धरतो तसं आवळायचं, सोडायचं, हा व्यायाम करा. जड उचलू नका. जिने फार चढू नका."

जिने फार चढू नका.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते लिफ्टमधलं घडलं. आम्ही दोघं खाली चाललो होतो. आमच्या समोरच्या दाराचे सायेब आणि त्यांच्या मिसेस आत आल्या. सायेब मोठ्या हुद्द्यावरनं रिटायर झालेले. सोसायटीचे चेअरमन. कुठल्या तरी लग्नाला चालले होते. अत्तराचा वास नाकात गेला, मला खोकला आला. आणि सुटलं. दोन्ही पायांवरनं. लिफ्टची फरशी गुळगुळीत. पाणी सरळ बाईंच्या चपलांकडं गेलं.

बाईंनी साडी वर उचलली. सायबांनी नाकाला रुमाल लावला आणि म्हणाले,

"आजोबा, हा गोठा नाही."

एवढंच. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी बी चढवला असता.

बायको खाली बसली. पदर सोडला आणि पदरानं लिफ्ट पुसायला लागली. चपलांच्या भोवतीनं पुसली. बाईंनी एक पाय उचलून जागा करून दिली, झाडणारीला देतात तशी. मी समोर बघितलं तर आरसा. आरशात एक म्हातारा, पायजमा वल्ला. त्याच्या गुडघ्याशी माझ्या बायकोचं डोकं, वर खाली होणारं.

त्याच लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या लेकरानं केलतं. तेव्हा हेच सायेब हसलेले. "गंगाजल!" म्हणालेले. मी होतो तिथं. लेकराचं गंगाजल. म्हाताऱ्याचा गोठा.

दुसऱ्या दिवशी लेकाच्या मोबाईलवर सोसायटीचा निरोप आला. लेकानं मला तो वाचून दाखवला नाही. बूट घालता घालता म्हणाला, "आण्णा, थोडं दिवस जिन्यानं जावा. नीट होईस्तोवर. सगळ्यांस्नी धरून ऱ्हायला लागतंय हितं."

बुटाची लेस बांधायला त्याला लई वेळ लागला त्या दिवशी.

खाली वॉचमनला बी सांगून ठेवलतं. तो कुरुंदवाडकडचा, पोटासाठी आलेला. मी लिफ्टकडं गेलो की आडवा यायचा. "पावणं, राग मानू नगासा. माझी नोकरी हाय." मी राग मानला नाही. मान खाली घातली आणि जिन्याकडं वळलो. चोरी करताना सापडल्यागत वळलो.

बायकोला बंदी नव्हती. ती माझ्या मागनं जिना चढायला लागली. मी म्हटलं, "तू जा की लिफ्टनं. तुझं गुडघं…"

"तुमी जिन्यानं आन मी लिफ्टनं? वरात हाय व्हय माझी?"

मग रोजचं ते ठरून गेलं. घरात कोंडून घ्यायचं नाही, असं तिचं म्हणणं. सकाळी उतरायचं, मंडईत जायचं, भाजी घेऊन चढायचं. प्रत्येक वळणावर बसलं की डॉक्टरांचा व्यायाम. ती माझ्या शेजारी बसून हळू आवाजात सांगायची, "धरा… धरा… धरा… सोडा." शेंगा सोलत सांगायची. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं म्हातारी जप करतीया.

एकदा फाटकात सायेब भेटले. हसून म्हणाले, "काय आजी, जिन्याचा व्यायाम चाललाय वाटतं?"

ती म्हणाली, "व्हय सायेब. तुमचं म्हातारपण लिफ्टनं येतंय का जिन्यानं, एवढं बघायचं हाय मला. तवर टिकाय पायजे की."

सायेब हसायचं थांबले. मी तिला ओढत आत नेलं. मला भ्या वाटलं. कशाचं वाटलं, आज सांगता येत नाही.

जिने चढायला लागलो आणि लघवीतनं पुन्हा लाल यायला लागलं. आधी गुलाबी. मग दाट. मग एका दिवशी काहीच येईना. रक्ताची गाठ आत अडकून बसलती. पोट नगाऱ्यासारखं ताणलं. मी आयुष्यात भट्टीनं भाजलोय, पण तसा कधी ओरडलो नाही. लेकानं रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. पुन्हा नळी घातली, आतनं धुऊन काढलं. जीव परत आला तेव्हा डॉक्टर विचारत होते, "काका, जिने चढता काय?"

लेक मोबाईल बघायला लागला.

"लिफ्ट नाही का तुमच्याकडं?"

बायको म्हणाली, "हाय की. पर ती माणसांची हाय."

डॉक्टरांना काय कळलं नाही. लेकाला कळलं. त्याची मान आणखी खाली गेली. घरी येताना म्हणाला, "मी मीटिंगमध्ये बोलतो." मीटिंग कधी व्हायची, कधी पुढं जायची. तो बोललाच नाही. कर्ज काढून घेतलेलं घर, नवा शेजारपाजार, पोरांना त्याच अंगणात खेळायचं. त्याचं बी मला कळत होतं. सगळ्यांचं सगळं मला कळत होतं. म्हणून तर मी जिन्यानं जात होतो.

नळी निघाली. थोडे दिवस घरात काढले. मग परत मंडई, परत जिना.

त्या दिवशी तिला दम जास्त लागलता. कपाळावर घाम. आमच्या खिडकीपाशी टेकली ती भिंतीला पाठ लावून. मी म्हटलं, "काय होतंय गं?"

"काय न्हाय. पावटा जून हाय. बोटं दुखत्यात."

मी पण सोलायला घेतलं. माझी बोटं जाड, शेंग फुटायची आणि दाणा खाली पळायचा. ती म्हणाली, "लोखंड न्हवं ते. हळू." आणि हसली. मग मला लागली. तिनं माझं तोंड बघूनच ओळखलं. कमरेची किल्ली काढून हातात दिली.

"जावा जावा. थांबू नगासा. मी आलोच."

मी गेलो. चढता चढताच झालं. दार उघडेस्तोवर पायजमा भिजला. घाईचा काय उपयोग झाला नाही. पाय धुतले, पायजमा बदलला, भिजलेला बादलीत टाकला. ती आली नाही. जिन्यात येऊन हाक मारली. "अगं ये! येतीस न्हवं?"

खाली उतरलो. ती होती तशीच बसलेली. डोकं भिंतीला. पदरात सोललेले दाणे. हातात एक शेंग, अर्धी उघडलेली.

हृदय बंद पडलं म्हणाले. डॉक्टरांनी विचारलं, "दम कधीपासून लागत होता यांना?" घरातली सगळी एकमेकांकडं बघायला लागली. मी म्हटलं, "जिना चढायला लागल्यापासनं."

तिला वर आणली. बायकांनी अंघोळ घातली, हिरवं लुगडं नेसवलं. शेवटचं कुंकू मी लावलं. जरा नाकावर सांडलं. तसंच राहू दिलं.

खाली तिरडी बांधून झाली. तिला खाली न्यायची वेळ आली. सायेब पांढरा झब्बा घालून आले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "काका, लिफ्टनं नेऊया. खुर्चीत बसवून. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, लिफ्ट मोकळी आहे."

पहिल्यांदा मला काका म्हणाले.

लेक म्हणाला, "व्हय आण्णा, तसंच करूया."

मी खाली बघत होतो. नेहमीची सवय. खाली बघता बघता मला तिचा पदर दिसला. लिफ्ट पुसणारा. त्या पदराचा वास जायला तिनं तो दोनदा साबण लावून घासलता, मला दिसू नये म्हणून मी झोपल्यावर. मी झोपलो नव्हतो.

"हात काढा सायेब," मी म्हटलं.

त्यांना ऐकू गेलं नाही असं वाटलं. परत म्हटलं, "खांद्यावरचा हात काढा. जिती हुती तवर लिफ्ट माणसांची हुती. आता मढं झाल्यावर तिची झाली व्हय? न्हाय पायजे. ती माझ्यासंगं जिन्यानं चढली. जिन्यानंच जाईल."

 सायबांचा हात निघाला.

चादरीत घालून चौघांनी उचलली. लेक, दोन पुतणे आणि तो वॉचमन. वॉचमनला कुणी बोलावलं नव्हतं. तो आपणहून वर आला. रडत होता. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधी आल्यावर मी म्हटलं, "थांबा."

"काय झालं आण्णा?"

"हितं ती दम घेती."

थांबले. कोपऱ्यात शेंगांची सालं तशीच पडलेली. खिडकीतनं वारं येत होतं. चौघं चादर धरून उभे राहिले, आणि मी मनात म्हटलं, धरा… धरा… धरा… मग म्हटलं, "चला."

पंचगंगेच्या घाटावर शेणी-गोवऱ्या रचल्या. जाळ लागला. मला जाळाची ओळख आहे. किती तापला की काय वितळतं, मला माहीत आहे. तरी बघवलं नाही.

सकाळी रक्षाविसर्जनाला निघायचं होतं. डोळ्यांतनं माझ्या अजून पाणी आलं नव्हतं. खालनं येतच होतं. धुतलेला पांढरा पायजमा घातला, अनवाणी बाहेर आलो आणि लिफ्टचं बटण दाबलं.

लेक मागनं आला. "आण्णा, तुमी हळूहळू जिन्यानं…" मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं बोलणं तिथंच तोडलं.

समोरचं दार उघडलं. सायेब. त्यांनाही घाटावर यायचं होतं. लिफ्ट आली. मी आत गेलो आणि आरशाकडं पाठ करून उभा राहिलो. खोकला आला. मी दाबला नाही. पाणी पायावरनं फरशीवर उतरलं, सगळ्यांच्या देखत. मी दाराला हात लावून ठेवला, मिटू दिलं नाही.

"या की सायेब," मी म्हटलं. "का जिन्यानं येताय?"

त्यांनी फरशीकडं बघितलं. आपल्या पांढऱ्या विजारीकडं बघितलं. जिन्याकडं वळले.

लेक आत आला. दार मिटलं. त्यानं खिशातला रुमाल काढला आणि वाकला.

"पुसू नगस," मी म्हटलं. "तुझ्या आईनं पुसलीया एकदा. बास."

तो वाकलेला तसाच राहिला. मग उठला. रुमाल डोळ्यांना लावला.

लिफ्ट खाली निघाली. पाच. चार. चार आणि तीनच्या मधी ती थांबत नाही. तिथनं खाली गेली.

तळाला दार उघडलं. वॉचमन उभा होता. त्यानं माझ्या पायजम्याकडं बघितलं, मग तोंडाकडं. आडवा आला नाही. मी त्याला म्हटलं, "घाटावरनं परत येताना बी हिनंच जाणार हाय. उद्या बी. परवा बी. गळायचं थांबू दे न्हायतर ऱ्हाऊ दे. सायबांस्नी सांगून ठेव."