म्हशीसाठी नेसलेलं लुगडं

लग्न होऊन मी कोल्हापूरच्या पेठेतून उचगावच्या मळ्यावर आले, त्या पहिल्या हिवाळ्यातली गोष्ट. घरी दोन बैल आणि एक दुभती म्हैस होती. गुऱ्हाळं सुरू झाली की उसाच्या शेंड्यांचं हिरवं वाडं भरपूर मिळे. थोरले दीर त्याचे भारे डोक्यावरून आणून गोठ्यात टाकत. वैरण घालायची, भिजवलेल्या पेंडीचं आंबोण ठेवायचं, धार काढायची, हे सगळं माझ्या थोरल्या जावेकडं. तिला मी आक्का म्हणे. थंडी वाढली की ती आधी म्हशीच्या पाठीवर पोतं बांधी, मग स्वतः घोंगडं घेई.

दिरांचा मला धाक वाटे. तरुणपणी तालमीत घुमलेला माणूस. बोलले तर शेजारच्या रानात ऐकू जाई.

मार्गशीर्षात आक्का तापानं पडली. बैलगाडीत घालून तिला कोल्हापूरच्या दवाखान्यात नेलं. तिची आई तिथं राहिली.

त्या संध्याकाळी म्हशीनं आंबोणाला तोंड लावलं नाही. मी धारेला बसले, तर लाथेनं चरवी उडवली. सासूबाईंच्या बोटांत जोर उरला नव्हता. सकाळीही तेच. कास दगडासारखी घट्ट झाली आणि म्हैस पाय आपटत ओरडू लागली.

दीर गोठ्याच्या दारात जरा वेळ उभे राहिले. मग सासूबाईंना म्हणाले, "आई, तिचं रोजचं लुगडं दे."

"कशाला रं?"

"नेसतो की. म्हशीला वास कळंल."

सासूबाईंनीच नेसवलं. त्या अंगाला नऊवारी पुरेना, पोटऱ्या उघड्याच राहिल्या. डोक्यावरून पदर घेऊन दीर आत गेले, आंबोणाची पाटी पुढं सारली आणि हळू आवाजात म्हणाले, "खा गं बाई. हाय मी हितंच." आक्का अगदी असंच बोलायची. म्हशीनं पदर हुंगला, पाटीत तोंड घातलं आणि थोड्या वेळानं पान्हा सोडला.

तेवढ्यात शेजारचे म्हातारे दूध न्यायला आले. "काय पावणं, ही सून कुठल्या गावची म्हणायची?"

"ह्याच घरची," दीर मान न वळवता म्हणाले. "बसा. धार हुतीया."

म्हातारे भांडं मांडीवर घेऊन बसले. पारावर मात्र लोक बरेच दिवस हसले. दीर रोज धारेच्या दोन्ही वेळा लुगडं नेसत राहिले. उन्हात, सगळ्यांदेखत अंगण ओलांडून गोठ्यात जात. एवढ्या ताठ मानेनं चालणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

आक्का परतली ती काडीसारखी होऊन. उंबऱ्यात बसून तिनं नवऱ्याला त्या वेशात पाहिलं आणि खोकला येईतो हसली.

"निऱ्या तरी नीट घाला की," ती म्हणाली. "या हिकडं."

ते तिच्यापुढं येऊन उभे राहिले. तिनं एकेक निरी चापून बसवली.

संक्रांतीला तिच्या हातात बळ आलं आणि तिनं धार पुन्हा आपल्याकडं घेतली. तोवर दूध आटलं नव्हतं. पहिला पेला दीर तिलाच नेऊन देत.