आईचं अर्धं बोट

गेल्या वर्षी मी तिसऱ्या वर्षाला होते. पुण्याच्या चित्रकला महाविद्यालयात मळवलीहून ये-जा करायचे. आई-वडील मळवलीत एका बंगल्याची राखण करतात. शनिवार-रविवारी पाहुणे येऊन जातात आणि सोमवारी आई सगळं आवरते. परीक्षेसाठी मी तेच जलरंगात काढलं होतं. आई चादरी पिळतेय, पोहायच्या टाकीतली पानं काढतेय, हिरवळीवरच्या बाटल्या गोळा करतेय.

बाहेरून आलेले परीक्षक चादरीच्या चित्रापाशी थांबले. मला वाटलं, आवडलं.

"हे एआयकडून करून घेतलंस आणि बघून उतरवलंस, हो ना?"

"नाही सर. मी काढलंय."

"मग हे बोट बघ. अर्धंच आहे. मशीन हातांतच फसतं. आणि उतरवताना तुला ते कळलंसुद्धा नाही."

"सर, माझ्या आईचं बोट तसंच आहे."

ते हसले. रागावले असते तरी चाललं असतं. "बरं, फोटो दाखव."

माझ्या मोबाईलमध्ये चहाचे कप, ढग, मैत्रिणींचे चेहरे खच्चून भरलेले. त्या हाताचा एकही फोटो नव्हता. मी शाळेतही जात नव्हते तेव्हा गवत कापायच्या मशीननं ते बोट कापलं गेलं. तेव्हापासून कुणी मोबाईल समोर धरला की आईचा डावा हात पदराखाली जातो. मी चित्र काढायला बसले की मात्र ती आपली कामात असायची, तिच्या ध्यानातच नसायचं.

विभागप्रमुख मॅडमनी निकाल राखून ठेवला. "मला पटतंय गं. पण असं कुणीही सांगेल. उद्यापर्यंत काहीतरी पुरावा आण."

घरी बोलणारच नव्हते, पण जेवताना रडू फुटलं. सगळं ऐकून आई म्हणाली, "फोटू कशाला? मीच येते की."

"नको गं आई."

"का न्हाई? हात माझा हाय."

दुसऱ्या दिवशी ती ठेवणीतली साडी नेसून माझ्याबरोबर आली. मॅडमच्या खोलीत परीक्षकही होते. आईनं पदर सारला आणि टेबलावर, चित्राच्या शेजारी हात ठेवला. "ह्यो बघा."

दोघंही वाकून हाताकडे बघत राहिले, मग चित्राकडे, मग पुन्हा हाताकडे. मग परीक्षक म्हणाले, "माफ करा, मावशी," आणि खाली मान घालून निकालावर सही केली. मॅडमनी चहा मागवला. आईनं कप उजव्या हातानं उचलला. डावा केव्हाच पदरात गेला होता.

परतताना ती एवढंच म्हणाली, "लय येळ बघत व्हते गं. डाक्टरनं बी येवढं न्हाई बघितलं."

मार्क चांगले पडले. पुढे वार्षिक प्रदर्शनाच्या वेळी मॅडमचा फोन आला. चित्राशेजारी आईचा छोटा व्हिडिओ लावू या, म्हणजे लोकांचा विश्वास बसेल, असं त्यांचं म्हणणं. मी आईला विचारलं. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "आता न्हाई."

मी ते चित्र प्रदर्शनाला दिलं नाही.

आता चित्रासाठी कागद बोर्डावर ताणून बसवला की मी आधी मोबाईल स्टँडवर लावते. पहिल्या रेघेपासून सगळं रेकॉर्ड होतं. वर्गातले बरेचजण असंच करतात. पूर्वी रंग ओघळला तर मी त्याला वाहू द्यायचे. आता चटकन टिपून घेते, कुणी मागे उभं असल्यासारखी. आणि स्टँड दिसला की आई हातातलं काम तसंच टाकून मागच्या दारानं बाहेर जाते. मी हाक मारत नाही.