विहीणबाई आणि दूधपिती तोंडं

आमच्या विहीणबाईंना माणसं दिसतच नाहीत. त्यांना फक्त तोंडं दिसतात, तीसुद्धा बिनदातांची. समोर मंत्री उभा असला आणि त्याच्या बायकोच्या कडेवर तान्हं असलं, तर विहीणबाई मंत्र्याला ओलांडून आधी तान्ह्याचा खालचा ओठ बघतील, तो नीट बाहेर वळतो का म्हणून. लग्नाला गेल्या तर नवरीचे दागिने त्यांना आठवत नाहीत, पण मांडवात मागच्या खुर्चीवर पदराआड कोण बाई पाजत होती आणि तिने पोराला कसं वाकडं धरलं होतं, हे त्या घरी येईपर्यंत सांगत असतात. या माझ्या मुलीच्या सासूबाई. त्यांच्या मुलाला मी मुलगी दिली त्याला एवढी वर्षं झाली की कोणी कोणाला काय दिलं हे आम्ही दोघीही विसरलोय. राहायलाही आम्ही एकाच वस्तीत, बिबवेवाडीच्या चढावर. त्या वरच्या अंगाला, मी खालच्या. त्यामुळे सुटका नाही.

एवढं वेड लागायला काही कारण घडलं असेल, पोटचं पोर गेलं असेल, असं लोकांना वाटतं. तसं काही नाही. त्यांची तिन्ही पोरं धडधाकट आहेत आणि आईशी भांडतात. कोणाला भजनाचा नाद असतो, कोणाला भिशीचा, यांना हा. झालं असं की कुठल्याशा संस्थेच्या बायका आमच्या विहारात आल्या. नव्या बाळंतिणींना पाजण्याच्या कामात मदत करायला वस्तीतल्याच तरुण आया त्यांना हव्या होत्या. विहीणबाई तिथे चहापुरत्या गेल्या आणि उठल्याच नाहीत. तुमचं वय बसत नाही, असं त्यांना सांगून पाहिलं. बसून बसून शेवटी वय बसवलंच त्यांनी. त्या कामाचा एक नियम होता. बाळंतिणीला तिच्या आईने, सासूने, आजीने शिकवायचं नाही. नुकतंच जिचं जमलंय, अशा तिच्यासारख्याच एखाद्या पोरीने तिच्याजवळ जाऊन बसायचं. हा नियम विहीणबाईंनी असा काही उचलला की जणू तो त्यांच्याच माहेरून आला होता. कोणी सासू मध्ये बोलली की त्या म्हणायच्या, "आपण आपल्या घरात न्यायाधीश. न्यायाधीशासमोर दूध उतरत नाही."

शिकवण्याची त्यांची तऱ्हा निराळी. बाळाने तोंड मोठं उघडून घास घ्यायला हवा, नुसतं टोक चोखलं तर आईला जखमा होतात आणि बाळ उपाशी राहतं, एवढीच गोष्ट. ती सांगायला त्या वाटेत गाडीवर वडापाव घेतात. बाळंतिणीसमोर तो धरून विचारतात, हा तू कसा खातेस, आधी कड चाटतेस की आ करून एकदम लावतेस. मग स्वतः आ करून दाखवतात आणि दाखवलेला घास टाकून कसा द्यायचा म्हणून अख्खा वडापाव संपवतात. त्यांना साखरेचा आजार आहे, डॉक्टरांनी बटाटा कमी करायला सांगितलाय. पण हा कामाचा बटाटा, तो अंगी लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. बाळ धरायचं कसं हे दाखवायला यजमानांचा जुना टॉवेल गुंडाळून, दोऱ्याने बांधून एक पोर केलंय. ते पोर त्या पिशवीत कधीच टाकत नाहीत. मान सांभाळून, छातीशी धरूनच सगळीकडे नेतात. एकदा रिक्षावाल्याने बिचाऱ्याने सगळे खड्डे चुकवत गाडी बैलगाडीसारखी चालवली आणि उतरताना बाळ अगदीच गप्प आहे म्हणून चौकशी केली. विहीणबाई म्हणाल्या, धुतल्यापासून असंच आहे.

कोथरूडला माझी मुलगी पोळ्या करायला जाते. एकदा तिच्याकडे काम होतं म्हणून आम्ही दोघी बसने निघालो. पुढच्या बाकावर एक शिकलेली मुलगी पोराला पाजू बघत होती, पोर रडत होतं, आणि शेजारचा गृहस्थ तिच्याकडे टक लावून होता. विहीणबाई उठल्या, धडपडत तिथे गेल्या आणि त्याला म्हणाल्या, "अहो, आपण जरा खिडकीबाहेर बघा. पुणं बरंच आहे बघायला." मग पोराला असं वळवलं, तसं वळवलं, आणि ते गप्प झालं. आमचा स्टॉप मात्र मागे गेला. उन्हातून उलटं चालत यावं लागलं. मी वाटेत एक शब्द बोलले नाही, आणि त्यांना ते कळलंही नाही.

बाटलीचा त्यांना इतका तिटकारा, की बारशाला कोणी दुधाची बाटली आणली तर त्या गोड बोलून ती उचलतात आणि घरी नेऊन तिच्यात मोहरी भरतात. त्यांच्या स्वयंपाकघरात मोहरी, जिरं, ओवा, मेथी, सगळं बाळांच्या दुधाच्या बाटल्यांत रांगेने उभं आहे. पाहुण्याला वाटावं, या घरात तिळ्यांवर तिळे झालेत.

मी त्यांच्याबरोबर फिरते, कारण त्यांचे गुडघे गेलेत आणि माझे जायचेत. हे काम काही पुस्तकात लिहितात तसं गोड नाही. पहिला पिवळा चीक घाण म्हणून पिळून फेकणाऱ्या बायका अजून आहेत. बाळाच्या जिभेला मध लावणाऱ्या आहेत. एका घरात दहा वेळा जावं तेव्हा एक पोरगी बाळाला नीट धरते, आणि मग तिचं काम सुटायला नको म्हणून ती लगेच भांड्यांना जायला लागते आणि घरी पोराला पातळ दूध सुरू होतं. तिला काय बोलणार? जिंकलेलं घर पुढच्या बाळंतपणाला पुन्हा हरलेलं सापडतं. मी कितीदा म्हटलं, पुरे आता. विहीणबाई म्हणतात, पोरं जन्मायची थांबली की थांबू.

मागच्या वर्षी आमच्या दोघींची मिळून जी एक नात आहे, प्रणाली, ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिचं माहेर म्हणजे विहीणबाईंचंच घर. मुलगी झाली. आई कामावर, बाप कामावर, म्हणजे दिवसभर घरात बाळंतीण आणि विहीणबाई. मला वाटलं, आता या नियमाप्रमाणे कोणा पोरीला बोलावून आणतील. पण नाही. एवढ्या घरांचं केलं, मग माझ्या पणतीचं दुसरी कोण करणार, असं त्यांच्या मनाने घेतलं. प्रणाली बाळाला घेऊन बसली की विहीणबाई समोर पाट टाकून बसायच्या. बाळाचं डोकं धरायच्या, हनुवटी दाबायच्या, घोट मोजायच्या. हात असा घे, खांदा सोड, आता दुसरीकडे लाव. शेजारणीला आत यायची बंदी. मी गेले तरी चहा बाहेर मिळायचा. पोरगी घामाघूम व्हायची आणि बाळ रडून रडून निळं पडायचं. शेपू झाला, अळीव झाले, डिंकाचे लाडू झाले. दूध काही येईना.

दवाखान्यात वजन केलं तर जन्माच्या वेळी होतं त्याहूनही कमी भरलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आठवडाभर पाहू, नाहीतर वरचं सुरू करावं लागेल. त्यातच लोणी काळभोरहून प्रणालीची सासू आली. बाई वाईट नाही, शेतावरची आहे, मोकळ्या मनाची. बाळाला बघून म्हणाली, "पोर लईच वाळलंय. आठ दिसांनी गाडी घिऊन येते, दोघींस्नी नेते. हाय की घरची म्हैस." असल्या म्हशीचं पुढे काय होतं, ते आमच्या वस्तीत सगळ्यांनी पाहिलंय. पाणी घातलेलं दूध, कशीतरी विसळलेली बाटली, मग जुलाब, मग सलाईन. विहीणबाईंनी फक्त पाट अजून पुढे सरकवला.

दोन दिवसांनी मी गेले तेव्हा बाळ शांत झोपलं होतं. विहीणबाईंनी ते उचललं, सवयीने तोंडाशी तोंड नेलं आणि तशाच थांबल्या. मग माझ्या हातात दिलं. बाळाच्या तोंडाला ओव्याचा वास येत होता. प्रणालीने मांडणीवरची ओव्याची बाटली रिकामी करून, धुऊन, आजी नळावर गेली तेवढ्यात तिच्यातून पिशवीचं दूध पाजलं होतं. बाटली कितीही धुतली तरी ओवा जातोय होय! मला हसू आलं आणि मी ते आवरलंही नाही. पण प्रणाली हसली नाही, रडलीही नाही. ती भिंतीकडे बघत म्हणाली, "आजी, तू समोर बसलीस की मला दहावीचा पेपर लिहितेय असं वाटतं. माझं अंगच आकसतं. मला नाही जमणार. सासूबाईंना गाडी घेऊन येऊ दे."

विहीणबाई पाटावर बसल्या. मी म्हटलं, नियम तुमचाच ना, विहीणबाई? मग मोडलात कशाला? त्या माझ्यावर उखडतील असं वाटलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "घरातलीच आहे हो. परक्या बाईच्या हातात कशी द्यायची?" हे वाक्य आम्ही वस्तीतल्या प्रत्येक सासूच्या तोंडून ऐकलेलं होतं. ते आपल्याच तोंडून निघालं हे त्यांना कळलं. त्यांनी चपला घातल्या आणि उतार उतरून निघाल्या. मीही मागे.

खाली भंगाराच्या दुकानात रेश्मा नावाची पोरगी प्लास्टिक निवडते. आदल्या वर्षी तिच्या पहिल्या मुलाच्या वेळी तिच्या छातीला जखमा झाल्या होत्या आणि ती विहीणबाईंना दारातून हाकलायची, पण शेवटी तिचं जमलं होतं. आता तिचं पोर दुकानात गोण्यांवर चढत होतं. विहीणबाई दुकानाच्या दारात उभ्या राहिल्या. आत जाऊन हुकूम सोडायची त्यांची रीत, पण उभ्याच राहिल्या. रेश्माने हातातला डबा खाली ठेवला. सगळं ऐकून घेतलं, मालकाला सांगितलं, नळावर कोपरापर्यंत हात धुतले, पोर कडेवर घेतलं आणि आमच्याबरोबर चढ चढली. दारात आल्यावर वळून म्हणाली, "मावशी, तुमी भायेर बसा." विहीणबाईंना वाटलं, चप्पल काढायला सांगतेय. रेश्मा तिथेच उभी. "तसं न्हाय. तुमी आत न्हाय यायचं. आज न्हाय आन उद्याबी न्हाय." आणि पडदा ओढून घेतला.

पुढे वजन वाढलं, हे आधीच सांगून टाकते, वाचणाऱ्याने उगाच जीव टांगून ठेवायला नको. फार नाही वाढलं, पण गाडी आली ती रिकामी परत गेली आणि सासू जाताना प्रणालीला नीट जेव म्हणून सांगून गेली. पण ते सगळं नंतर. त्या पहिल्या दुपारी आम्ही दोघी म्हाताऱ्या दाराबाहेरच्या पायरीवर बसलो होतो. आतून दुधाबद्दल एक शब्द ऐकू येत नव्हता. रेश्मा तिच्या नवऱ्याच्या आळशीपणाबद्दल बोलत होती, मग मालकाच्या विगाबद्दल, आणि मधेच प्रणालीचं हसणं ऐकू आलं. कितीतरी दिवसांत ती हसली नव्हती. विहीणबाईंची चुळबुळ चालू होती. त्यांनी हात पदराखाली घेतले, पुन्हा बाहेर काढले. गल्लीतली पोरं आम्हाला वळसा घालून पळत होती.

मग आतला आवाज थांबला. बाळ रडत नव्हतं. रेश्माही गप्प होती. विहीणबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, तुम्ही बघून या ना. मी गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि पडद्याच्या फटीतून पाहिलं. प्रणाली भिंतीला टेकून, पाय पसरून, अर्धवट झोपेत होती. बाळ तिच्या अंगाला चिकटलेलं, गाल भरलेले, कानाजवळचं हाड सावकाश वरखाली होत होतं. रेश्मा बाजूला आडवी पडून आपल्या पोराला थोपटत होती. बघण्यासारखं म्हटलं तर काहीच नव्हतं. मी येऊन सांगितलं, पितंय.

विहीणबाई उठल्या. गुडघा कटकन वाजला. पडद्यापर्यंत गेल्या, त्याची कडा धरली, आणि मला वाटलं, आता या जातात. पण त्या तशाच उभ्या राहिल्या आणि मग कडा सोडली.

"नको," त्या म्हणाल्या. "मी गेले की ती माझ्याकडे बघेल. बाळाकडे बघू दे."

आणि त्या परत येऊन बसल्या. वस्तीतल्या एवढ्या घरांत या बाई आतपर्यंत गेलेल्या मी पाहिल्या. त्या दिवशी त्या स्वतःच्याच घराबाहेर, कोणी आत बोलवेल म्हणून थांबलेल्या पाहुणीसारख्या बसल्या होत्या. खूप दमलेल्या दिसत होत्या.  मी जरा सरकले आणि भिंतीला टेकायची माझी जागा त्यांना दिली.